ग्राझची मतदान सेवा: बोटाला शाई नाही, पण कागद घरपोच

सेवा म्हणजे ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहराची नगरसभेची निवडणूक, २६ सप्टेंबर २०२१ ची. मत माझ्या लेकीनं दिलं. तिनं तिथलं नागरिकत्व घेतलंय. मी बेळगावातल्या वडगावच्या घरात बसून तिच्या व्हिडिओ कॉलवर सगळं बघितलं, आणि पुढं ती बेळगावला आली तेव्हा तिचे कागद हातात घेऊन वाचून घेतले. खानापूर तालुक्यात शिक्षिका असताना मी ११ इलेक्शनांची ड्यूटी केली. मस्टरिंगला सकाळी रांगेत उभं राहून साहित्य मोजून घ्यायचं, रात्री डीमस्टरिंगला सगळं सही करून परत द्यायचं. त्यामुळं मतदान केंद्र नीट चाललंय की नाही, हे मला लगेच कळतं.

सगळ्यात आवडलं ते पत्र. मतदानाच्या बऱ्याच आधी लेकीच्या नावानं घरी टपाल आलं. त्यात यादीतला तिचा अनुक्रमांक, केंद्राचा पत्ता, आणि टपालानं मत द्यायचं असेल तर काय करायचं, ते सगळं होतं. तिला कुणाकडं विचारायला जावं लागलं नाही, टेबल टाकून बसलेल्या कार्यकर्त्यांकडंही नाही. मतदानही रविवारी, त्यामुळं रजेची भानगड नाही.

केंद्रात ओळखपत्र दाखवलं, यादीत नाव तपासलं, कागद आणि पाकीट हातात आलं. मशीन नाही. छापील मतपत्रिकेवर पक्षापुढच्या गोलात पेनानं फुली मारायची, पाकिटात घालायचं आणि पेटीत टाकायचं. टेबलामागं बसलेले लोक वेगवेगळ्या पक्षांनी सुचवलेले असतात. आपल्याकडं पक्षाचे एजंट कोपऱ्यातल्या बाकावर असतात, तिथं तेच कामाला बसतात. हे ऐकून मी आधी दचकले, पण विचार केल्यावर पटलं. एकमेकांवर नजर ठेवणारे चौघे एकाच टेबलावर असले तर गडबड करणार कोण?

"बोट दाखव," मी म्हटलं. तिनं कॅमेऱ्यासमोर धरलं. स्वच्छ. त्याच महिन्यात ३ तारखेला बेळगावात महापालिकेचं मतदान झालं होतं, आणि माझ्या नखावर शाईची रेघ अजून होती. दोघींनी बोटं शेजारी शेजारी धरली.

आपल्या बेळगावात ५८ वॉर्ड, वॉर्डाला एक नगरसेवक. तिथं सगळं शहर मिळून एकच मतदारसंघ, ४८ जागा, आणि मतांच्या प्रमाणात वाटणी. मग गटार तुंबलं तर कुणाला गाठायचं, हा माझा पहिला प्रश्न. त्याची सोय आहे. शहराचे १७ विभाग आहेत, आणि त्यांच्या विभाग समित्यांचं मतदान त्याच दिवशी होतं. तरीही आपल्या गल्लीतल्या माणसाला नावानं निवडण्यात जो हक्क वाटतो, तो पक्षाला फुली मारून मिळेल असं मला वाटत नाही.

निकाल त्याच रात्री आला. कम्युनिस्ट पक्ष पहिला, जवळपास २९ टक्के आणि १५ जागा. १८ वर्षं महापौर असलेले झीगफ्रीड नागल यांनी त्याच संध्याकाळी पायउतार होत असल्याचं सांगितलं, आणि नोव्हेंबरात कम्युनिस्ट पक्षाच्या एल्के कार महापौर झाल्या, शहराच्या पहिल्या महिला महापौर. या बाई पगारातला मोठा भाग अडल्यानडल्या लोकांना देतात, आणि त्यांच्या पक्षानं वर्षानुवर्षं भाडेकरूंसाठी फोनची मदत चालवलीय. लेक स्वतः भाड्याच्या घरात राहते. तिनं मत कुणाला दिलं ते मी विचारलं नाही.

आता खटकलेलं. मतदान निम्म्याहून थोडंच जास्त, ५४ टक्क्यांच्या आसपास. आणि युरोपीय संघाबाहेरच्या माणसाला नगरसभेचं मतच नाही. नागरिकत्व मिळेपर्यंत लेकीलाही नव्हतं. स्थलांतरितांच्या सल्लागार मंडळासाठी तेवढं देता यायचं. कर सगळ्यांकडून घेता, मग सल्ल्यावर भागवता कसं?

भाषेचं मला जास्त लागतं. ग्राझ हे नावच मूळचं स्लाव्ह, 'ग्रादेत्स' म्हणजे छोटा किल्ला. शेजारच्या कारिंथिया प्रांतात स्लोव्हेन बोलणारे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. त्यांचे हक्क १९५५ च्या करारात लिहिलेले, तरी १९७२ मध्ये दोन भाषांतल्या गावपाट्या लोकांनी उखडून टाकल्या. तोडगा निघायला २०११ उजाडलं. स्लोव्हेन बोलणाऱ्यांच्या साडेसतरा टक्के वस्तीचा आकडा धरून १६४ गावांना पाट्या मिळाल्या. आपल्याकडं १५ टक्क्यांचा नियम, म्हणजे तेवढे लोक दुसरी भाषा बोलत असतील तिथं सरकारी कागद त्या भाषेतही द्यायचे, कधीपासून कागदावर आहे, हे सीमाभागात कुणाला सांगायला नको.

काही वर्षांपूर्वीच्या एका इलेक्शनला मी ड्यूटीवर होते. घरात कन्नड नीट वाचता येणारी मी एकटी. सासूबाई आणि धाकट्या जाऊबाई, दोघींच्या मतदानाच्या चिठ्ठ्या आल्या होत्या, दोन्ही कन्नडमध्ये, आडनाव एकच. अदलाबदल झाली. सासूबाई उन्हात तासभर रांगेत उभ्या राहिल्या, आणि खोलीत गेल्यावर कळलं की हा नंबर त्यांचा नाहीच. त्या परत घरी आल्या, त्या दिवशी पुन्हा गेल्या नाहीत.

लेकीचं पत्र मी सासूबाईंच्या हातात दिलं तेव्हा त्यांनी चष्मा पुसून खालीवर बघितलं. "हेही वाचता येत नाही गं," म्हणाल्या. मग नातीला जवळ बसवून घेतलं आणि तिचं नाव कुठं लिहिलंय ते बोट ठेवून दाखवायला लावलं.

या सेवेला माझे गुण: पाचात साडेतीन.