चेक इंजिनचा दिवा आणि खिशात मावणारा स्कॅनर: ईएलएम ३२७ घ्यावा का?

मीटरमध्ये इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला, गाडी मात्र नीट चालतेय, अशा वेळी गोंधळ बहुधा एमिशनच्या (धुरावर ताबा ठेवणाऱ्या) भागात असतो. तो शोधायला ब्लूटूथचा ईएलएम ३२७ अडॅप्टर (गाडीतले दोषांचे कोड मोबाइलवर दाखवणारं डबडं) पाच-सहाशे रुपयांपासून ऑनलाइन मिळतो. स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या ओबीडी (तपासणीच्या) सॉकेटमध्ये खोचायचा, इग्निशन ऑन करायचं, मोबाइलला जोडायचा (पिन बहुधा १२३४ किंवा ००००) आणि टॉर्क किंवा कार स्कॅनर ॲप उघडायचं. आयफोनला साधा ब्लूटूथवाला चालत नाही. वायफाय किंवा ब्लूटूथ एलई बघून घ्या.

खरेदीत एकच मेख आहे. मूळ चिप कॅनडाच्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सची, आणि ती कंपनी २०२२ मध्ये बंद झाली. स्वस्तात मिळतो तो माल नकली. त्यातही 'व्ही २.१' छापलेला नवा समजून उचलू नका. त्यात बऱ्याच कमांड गाळलेल्या असतात आणि जुन्या, कॅन (गाडीतल्या संगणकांची नवी संवादपद्धत) नसलेल्या गाड्यांशी तो अनेकदा बोलतच नाही. 'व्ही १.५' लिहिलेला सहसा बरा निघतो. तरी परत करायची सोय असलेल्या विक्रेत्याकडूनच घ्या.

कोड वाचणं हे याचं सर्वांत सोपं काम, आणि फसगत तिथेच होते. कोड म्हणजे ईसीएमची (इंजिनाच्या संगणकाची) तक्रार. कुठला पार्ट बदलायचा ते त्यात लिहिलेलं नसतं. कोड दिसला की आधी फ्रीझ फ्रेमचा स्क्रीनशॉट घ्या: दिवा लागला तेव्हाचा आरपीएम, कूलंटचं तापमान, लोड, फ्युएल ट्रिम (ईसीएमने पेट्रोल किती टक्के वाढवलं-घटवलं तो आकडा). कोड पुसला की हे सगळं जातं.

पी ०१७१, म्हणजे मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी). इथे या डबड्याचे पैसे वसूल होतात. इंजिन गरम करून लाँग टर्म फ्युएल ट्रिम बघा. साधारण अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. आयडलला अधिक २० आणि २५०० आरपीएमला उतरून ५ च्या आसपास आला, तर कुठूनतरी हवा आत येतेय: तडकलेला व्हॅक्यूम पाइप, इनटेकचं गॅस्केट, पीसीव्हीचा (क्रँककेसची वाफ इनटेकमध्ये नेणारा) पाइप. उलट लोड वाढवल्यावर ट्रिम चढत गेला तर पेट्रोल कमी पडतंय, किंवा मास एअर फ्लो सेन्सर हवा कमी मोजतोय. पंप, फिल्टर आणि तो सेन्सर तपासा. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर बिचारा यात फक्त निरोप्या असतो, आणि बदलला जातो तोच.

बाहेरून बसवलेलं सीएनजी किट असेल तर हीच तपासणी पेट्रोलवर आणि गॅसवर वेगवेगळी करा. गॅसवरच ट्रिम सरकत असेल तर किटवाल्याकडून ट्यूनिंग करून घ्या. पार्ट बदलण्यात अर्थ नाही.

पी ०४२० ला गॅरेजात कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा (धूर शुद्ध करणारा, थोडक्यात कॅट) मोठा आकडा ऐकू येतो. आधी कॅटच्या पुढच्या आणि मागच्या, दोन्ही ऑक्सिजन सेन्सरचे ग्राफ लावा. साध्या नॅरोबँड सेन्सरच्या गाडीत पुढचा ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये नाचतो, मागचा ०.६-०.७ च्या आसपास शांत राहायला हवा. मागचाही तसाच नाचत असेल तर कॅटवर संशय, पण एक्झॉस्टची गळती आणि मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं) तपासल्यावरच. नव्या वाइडबँडच्या गाडीत पुढचा ग्राफ असा नाचत नाही. तिथे ही तुलना लावू नका. स्वस्त अडॅप्टरची गती मंद असते, म्हणून एका वेळी दोनच रीडिंग ठेवा, नाहीतर ग्राफ पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो.

पी ०१३५ हा पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरचा कोड, आणि इथे मल्टिमीटर लागतोच. कनेक्टर सोडवून सेन्सरच्या बाजूच्या एकाच रंगाच्या दोन वायरींमध्ये रेझिस्टन्स मोजा. थंड सेन्सरला काही ओहम यायला हवेत. ओपन (सर्किट तुटलेलं) आला तर सेन्सर गेला. रीडिंग बरोबर असेल तर फ्यूज आणि वायरिंग बघा. पावसाळ्यात बॉनेटखाली मुक्कामाला येणाऱ्या उंदरांना या वायरी फार आवडतात. सेन्सर खोलायला सहसा २२ मिमीचा फटीवाला सॉकेट लागतो.

पी ०४४३ किंवा पी ०४४४ आला तर पर्ज व्हॉल्वचं (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा) कनेक्टर आणि कॉइल तपासा. काम छोटं आहे.

कोड पुसून बघू, हा उपाय नव्हे. पुसल्यावर रेडिनेस मॉनिटरही (ईसीएमने स्वतः केलेल्या तपासण्यांची नोंद) शून्यावर जातात आणि दोष असेल तर दिवा काही ड्राइव्हनंतर परत येतो. दोष खरंच गेला असेल तर सलग तीन निर्दोष ड्राइव्ह सायकलनंतर (गाडी सुरू करून, चालवून, बंद करण्याच्या फेऱ्या) दिवा सहसा आपोआप विझतो. दिवा लुकलुकत असेल तर मात्र स्कॅनर शोधत बसू नका. तो मिसफायरचा इशारा आहे. न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये गेलं की कॅटच जळतो. वेग कमी करा, जमेल तितक्या लवकर गाडी थांबवा.

बीएस ६ डिझेलवाल्यांनी फार आशा ठेवू नये. पी २४६३, म्हणजे डीपीएफमध्ये (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काजळी साठल्याचा कोड, अडॅप्टर वाचतो; पण फोर्स्ड रिजनरेशन (साठलेली काजळी मुद्दाम जाळणं) साध्या ॲपमधून होत नाही. त्याला कंपनीचा किंवा तसा महागडा स्कॅनर लागतो.

काम झालं की अडॅप्टर काढून ठेवा. सॉकेटच्या १६ व्या पिनवर चावी काढल्यावरही १२ व्होल्ट चालू असतात, आणि आठवडाभर उभ्या गाडीची बॅटरी उतरायला हे डबडं हातभार लावतं.