तांबी की अंतरा? गरोदरपणात साखर वाढली होती त्यांच्यासाठी

मावसबहिणीला गरोदरपणात मधुमेह झाला होता. बाळंतपणानंतर साखर उतरली. आता पाळणा लांबवायचाय, पण तांबी बसवावी की अंतराचं इंजेक्शन घ्यावं, हे ठरत नाहीये. सरकारी दवाखान्यात दोन्ही फुकट, म्हणजे खर्चाचा प्रश्न मिटला.

खरा मुद्दा साखरेचा. तांबीत हार्मोन नसतं, त्यामुळे साखरेशी तिचा संबंधच येत नाही. अंतरामध्ये प्रोजेस्टिन नावाचं हार्मोन असतं. अशा बायकांना ते वर्ज्य नाही, जागतिक आरोग्य संघटनेलाही चालतं. पण त्याने काहींचं वजन वाढतं, आणि वाढलेलं वजन पुढे टाइप २ मधुमेहाला आमंत्रणच. पुढच्या गरोदरपणातही साखर पुन्हा वाढू शकते, म्हणून दिवस जाण्याआधी वजन आटोक्यात हवं.

टिकायला ३८०ए प्रकारची तांबी १० वर्षं. काढली की लगेच दिवस जाऊ शकतात. अंतरा दर तीन महिन्यांनी, तारीख चुकवून चालत नाही. शिवाय बंद केल्यावर दिवस राहायला बरेच महिने लागू शकतात.

त्रास? तांबीने पाळीत जास्त जातं, पोट दुखतं. अंतराने पाळी अनियमित होते, पुढे बंदही पडते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण सासूबाईंना समजावत बसावं लागतं!

वजन आधीच जास्त असेल किंवा दोनेक वर्षांत दुसरं मूल हवं असेल, तर तांबी. हिमोग्लोबिन कमी, पाळीत खूप जातं, तर अंतरा, वजनावर लक्ष ठेवून. काहीही निवडा, बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी ग्लुकोज पिऊन करायची साखरेची तपासणी चुकवू नका.