शिवाजी विद्यापीठाची लीड बोटॅनिकल गार्डन: श्रावण-भाद्रपदात जा, उन्हाळ्यात नको

हिरवळ, कारंजं आणि फोटोला जागा हवी असेल तर कोल्हापुरात रंकाळा आहेच. विद्यापीठाच्या वनस्पतीशास्त्र विभागाची ही बाग त्यासाठी नाही. इथला खरा ऐवज म्हणजे कंदीलपुष्पांचा, म्हणजे सेरोपेजियांचा संग्रह. यातल्या काही जाती रानात एखाद-दुसऱ्या डोंगररांगेतच सापडतात. सेरोपेजिया लॉई घ्या, ती हरिश्चंद्रगडाच्या भागातली.

एप्रिल-मेमध्ये गेलात तर कंदीलपुष्पांच्या जागी नुसती माती दिसेल आणि बाग वाळली असं वाटेल. वाळलेलं काही नसतं. पाऊस सरला की यातल्या बहुतेक जाती वरचा वेल टाकून देतात आणि कंद जमिनीत झोपून राहतो. तेव्हा दया येऊन पाणी घातलं की कंद कुजतो. घरी हौसेनं लावलेली कंदीलपुष्पं बहुधा अशीच जातात.

ऑगस्ट-सप्टेंबरात मात्र दहापट भिंग खिशात हवंच. फुलाची नळी तळाशी फुगलेली असते, वर पाच पाकळ्या टोकांशी जुळून कंदिलाची जाळी होते. नळीत खाली वळलेले केस असतात. बारीक माशी आत सहज घसरते, पण वर चढता येत नाही. केस मलूल झाले की सुटते, तीही तोंडाला परागपुंज चिकटवूनच.

शिंदळ माकुडीची (फ्रेरिया इंडिका) चौकशी जरूर करा. फ्रेरिया हे नाव मुंबईचे ब्रिटिश काळातले गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून पडलं. शिवनेरीसारख्या गडांच्या कड्यांवर वाढणारी ही वनस्पती. पावसाळ्यात मांसल खोडाला पानं येतात, उन्हाळ्यात गळून नुसत्या कांड्या उरतात. फूल तपकिरी-लाल, पाच टोकांच्या चांदणीसारखं, त्यावर पिवळे ठिपके. हिचं खोड छाटून लावलं तर सहज रुजतं, तेव्हा हवी असेल तर नर्सरीतून घ्या, कड्यावरून उपटून नको.

रविवार आणि सुट्टी सोडून जा, आधी विभागात विचारून परवानगी घ्या. पाय बघून टाका, कोवळा वेल गवतासारखाच दिसतो. फोनचा कॅमेरा फूल सोडून मागच्या पानांवर फोकस धरतो. फुलामागे तळहात धरा, काम होतं.