नागपूर मेट्रो: पहिल्या नोकरीवर निघालेल्या स्वमग्न मुलांना कितपत सोयीची?

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) किंवा एडीएचडी (लक्ष टिकवणं, स्थिर राहणं अवघड जाणं) असलेल्या मुलांची नोकरी दरवेळी काम न जमल्यानेच सुटते असं नाही. जाणं-येणं न जमल्यानेही सुटते. या कसोटीवर नागपूर मेट्रोचा डबा उत्तम आहे. एसी आहे, पुढच्या स्टेशनची घोषणा होते, भाड्यावरून घासाघीस नाही. शेअर ऑटोत यातलं एकही नाही.

अडतं ते बर्डीवर. ऑरेंज आणि अ‍ॅक्वा लाइन सीताबर्डी इंटरचेंजला मिळतात, पण वेगवेगळ्या मजल्यांवर. गर्दी, घुमणारा आवाज, सरकते जिने, सगळं एकदम अंगावर येतं. नुसता रंग शिकवून भागत नाही, कारण एकाच लाइनच्या गाड्या दोन्ही दिशांना धावतात. शेवटच्या स्टेशनचं नाव वाचायला शिकवा: हिंगणा एमआयडीसीकडे ‘लोकमान्य नगर’, मिहान या औद्योगिक परिसराकडे ‘खापरी’. परतताना ‘प्रजापती नगर’ किंवा ‘ऑटोमोटिव्ह चौक’. परतीचा प्रवास हा स्वतंत्र धडा धरा. सकाळचा रस्ता आपोआप उलटा होऊन डोक्यात बसत नाही.

महाकार्ड, म्हणजे मेट्रोचं आधी पैसे भरून ठेवायचं कार्ड, घ्याच. मात्र शिल्लक संपली की गेट उघडत नाही, मागे रांग खोळंबते आणि मूल तिथेच बिथरतं. चार-पाच फेऱ्यांचे पैसे कायम कार्डात असू द्या. सुरक्षा तपासणीत अंगाला हात लागू शकतो, त्याची सवय घरीच करून घ्या.

शिकवताना शेवटाकडून सुरुवात करा. आधी सगळा प्रवास सोबत, फक्त कंपनीच्या गेटपर्यंतचा तुकडा त्याने एकट्याने चालायचा. तो पक्का झाला की लोकमान्य नगरपासून एकट्याने, मग बर्डीपासून. असं केलं की सोबत सुटते तिथून पुढचं सगळं त्याच्या पायाखालचं असतं. घरापासून एकटं सोडायला गेलं तर चुकण्याची पहिली जागा बर्डीच.

खापरीला गुण कापावे लागतात. स्टेशन आलं म्हणजे मिहानमधली कंपनी आली असं नाही, आणि मे महिन्यात ते अंतर पायी जाणं नकोच. रुजू होण्याआधी कंपनीची बस कुठे थांबते ते विचारा, थांब्याचा फोटो काढून ठेवा आणि अर्धा तास उशिराची शिफ्ट मागा. २० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या खासगी कंपनीला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार समान संधी धोरण ठेवावं लागतं. मागणी लेखी द्या, त्या धोरणाचा उल्लेख करून.