आठ नंबरांचा रोल आणि ४,१९,४९० रुपये

ट्रेसेबिलिटी (म्हणजे मालाचा माग), क्यूआर, ब्लॉकचेन असं काहीबाही सांगत जो माणूस सध्या सांगली-कुपवाडच्या मसाला युनिटांमधून फिरतोय, त्याच्याकडून लेबलचा रोल घेण्याआधी हे वाचा. आमचे ४,१९,४९० रुपये थेट गेले आणि पाठोपाठ ३,००,९०० चा फटका बसला तो वेगळा. लाजेपोटी तीन महिने गप्प होतो. गेल्या आठवड्यात तोच निळ्या पट्ट्याचा रोल एका बेदाणा पॅकिंगवाल्याच्या टेबलावर दिसला, म्हणून लिहितोय.

गाठायची पद्धत नेहमीचीच, ती काही सांगत बसत नाही. मार्चमध्ये हळदीचे सौदे जोरात असताना, कोणाला मान वर करायला फुरसत नसते तेव्हा तो आला. मोठ्या रिटेल साखळ्यांना माल द्यायचा तर प्रत्येक पाकिटाचा माग लागला पाहिजे, हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. आमच्या पुण्याच्या खरेदीदाराने तेच मागितलं होतं. म्हणजे आम्ही काही हवेतल्या वस्तूला भुललो नाही. गरज खरी होती, माल खोटा निघाला.

बिल असं होतं: सेटअप ८५,०००. सॉफ्टवेअरचं वर्षाचं भाडं १,२०,०००. बारकोड नंबरांची 'नोंदणी' १८,५००. लेबलं ६५,०००, दर १ रुपया ४० पैसे, म्हणजे ९१,०००. हातातले दोन स्कॅनर २९,०००. ट्रेनिंग १२,०००. बेरीज ३,५५,५००, त्यावर १८ टक्के जीएसटी ६३,९९०. साठ टक्के आगाऊ म्हणून २,५१,६९४ आरटीजीएस केले, उरलेले १,६७,७९६ रोल उतरवून घेतल्यावर दिले. यातले स्कॅनर तेवढे चालतात. तेही बाजारात स्वस्त मिळाले असते.

आता मेख कुठे होती ते नीट बघा. प्रत्येक पाकिटावर वेगळा कोड हवा असेल तर लेबल डिजिटल मशीनवर छापावं लागतं, किंवा आपल्याकडच्या थर्मल ट्रान्सफर प्रिंटरवर. फ्लेक्सोवर, म्हणजे प्लेटच्या छपाईवर, ते होत नाही. फ्लेक्सोत प्लेट सिलिंडरला चिकटवलेली असते. सिलिंडर एक फेरा फिरला की पुन्हा तेच चित्र. आमचं लेबल ४० मिलिमीटरचं, मधली फट धरून जेमतेम ४३. सिलिंडरचा घेर ३४३ मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे एका फेऱ्यात आठ लेबलं. त्या पठ्ठ्याने प्लेटवर आठ वेगवेगळे कोड बसवले होते. शेजारशेजारची दोन लेबलं स्कॅन करा, वेगळी. चार करा, वेगळी. नववं केलं की पहिलं परत. ६५,००० लेबलं, तेरा रोल, आणि कोड फक्त आठ.

डेमोला त्याने चार पाकिटं स्कॅन करून दाखवली. चारही वेगळी निघाली. आम्ही टाळ्या वाजवायच्या बाकी होतो. रोल तीन दिवसांत आले, तिथेच थांबायला हवं होतं. खऱ्या व्हेरिएबल छपाईला आधी नंबरांची फाइल लागते, छपाईनंतर तपासणी लागते, आणि बाद झालेल्या नंबरांची यादी रोलसोबत येते. यादीचं नावसुद्धा कोणी काढलं नाही.

पण खरी चपराक पुढे आहे. क्यूआरखाली बारीक अक्षरात नंबर छापलेला असतो. पॅकिंगच्या तिसऱ्या दिवशी लेबल लावणाऱ्या मावशी म्हणाल्या, "ह्यो ४४१७ मगाशी बी आलता की ओ." त्यांचे डोळे दिवसभर त्याच लेबलांवर. आम्ही काय सांगितलं? "मावशी, ते सिरीजचं असतं, तुम्ही लावत राहा." दोन मिनिटं रोल उलगडून बघितला असता तर दर आठव्या ठिकाणी ४४१७ दिसला असता. तेव्हा जेमतेम दोन लॉट पॅक झाले होते. पुढचे बावीस आम्ही आमच्या हाताने केले.

स्क्रीनवरही सगळं लिहिलेलं होतं. आमचा लॉट म्हणजे ५१० किलो हळकुंड आत, साधारण ५०० किलो पावडर बाहेर, २०० ग्रॅमची २,५०० पाकिटं, ५० पाकिटांचा एक असे ५० बॉक्स. प्रत्यक्ष पॅकिंगला लेबल वाकडं बसतं, पाउच फाटतो, सील जळतं. लॉटमागे साठ-ऐंशी लेबलं वाया जातात. त्याच्या डॅशबोर्डवर मात्र प्रत्येक लॉटला २,५०० पैकी २,५००. एकही बाद नाही, एकही कमी नाही. इतका स्वच्छ आकडा कुठल्याही पॅकिंग टेबलावरून येत नसतो. वरून, गोडाऊनमध्ये सीलबंद असलेल्या लॉटचे दोन स्कॅन गुवाहाटीहून आलेले दिसत होते. विचारलं तर म्हणे, "टेस्ट डेटा आहे, सर्व्हर सिंक होतोय." मानलं.

आणि हे लिहितानाच हात अडखळतो: त्याच्या सांगण्यावरून आम्ही पाकिटावर तारीख आणि लॉट छापणाऱ्या इंकजेट कोडरवरची लॉट नंबरची ओळ बंद केली. "लॉट क्यूआरमध्ये आहेच, दोनदा छापून शाई का घालवता?" पॅकिंगची तारीख ठेवली, लॉट काढला. लेबलवर लॉट किंवा बॅच नंबर वाचता येईल असा छापणं हा एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) नियम आहे, आम्हाला तो पाठ होता. तरी बंद केली. ती शाई महिन्याला जेमतेम ४०० रुपयांची.

जुलैत तक्रार आली. एका लॉटच्या पाउचचं सील सुटत होतं, पावडरीत गुठळ्या धरल्या होत्या. हळद पावडरीला ओलाव्याची मर्यादा १० टक्के, पावसाळ्यात सुटं सील म्हणजे ती ओलांडायला किती वेळ लागतो? साखळीचा ईमेल आला: चार तासांत सांगा, हा लॉट कुठल्या दुकानांत गेला. सिस्टीमने उत्तर दिलं, सगळीकडे. देणारच, साखळीला गेलेल्या सातही लॉटवर तेच आठ कोड फिरत होते. ५० बॉक्स परत येऊन भागलं असतं, तिथे सातही लॉट परत आले: ३५० बॉक्स, १७,५०० पाकिटं, ४८ रुपयांच्या भावाने ८,४०,००० चा माल. परतीच्या भाड्याची डेबिट नोट ३८,४००. कुठला बॉक्स कुठल्या लॉटचा हे आता देवही सांगू शकत नव्हता, म्हणून ३५ नमुने तपासायला लागले, प्रत्येकी १,३०० प्रमाणे ४५,५००. पास झालेली ३,५०० किलो पावडर सुट्टी विकली, किलोमागे ६२ रुपये घाट्यात, २,१७,०००.

आपल्या हरिपूरच्या पेवांमध्ये हळद वर्षानुवर्षं जमिनीखाली राहायची. २००५ च्या पुरात पेवांची वाट लागली तो भाग निराळा. पण कोणाची किती पोती कुठल्या पेवात, हे वहीवरून कळायचं. आम्ही वही सोडून स्टिकर विकत घेतले.

आता हे ज्यांना करायचंच आहे त्यांच्यासाठी. माग लेबलने लागत नाही, जोडणीने लागतो. सौद्यातून आलेल्या पोत्यांना आवक नंबर, त्यासमोर तोलपावती, वजन, अडत्या. पल्वरायझरला (दळणयंत्राला) लॉट चढवताना कुठले आवक नंबर ओतले ते. दोन लॉटांमध्ये त्याचं हॉपर (माल ओतायचं नरसाळं) आणि सायक्लोन (पावडर गोळा करणारा भाग) झाडून काढा. आमच्याकडे तीन-चार किलो पावडर तिथे राहते, ती पुढच्या लॉटमध्ये गेली की कागदावर दोन आणि पोटात एकच लॉट. मग लॉट ते बॉक्स, बॉक्स ते बिल नंबर. आत गेलेलं वजन आणि बाहेर आलेलं पावडर, कचरा, घट यांचा मेळ रोज घाला. मेळ बसला नाही तर लॉट बंद करू नका. २०० ग्रॅमच्या पाकिटाला स्वतंत्र सिरीयल लागतोच कशाला? पाकिटावर छापलेला लॉट आणि बॉक्सवर चालू नंबर एवढ्यावर ३५० बॉक्सांचा माग एक्सेलमध्ये दहा मिनिटांत लागतो. हे आत्ता करतोय, खर्च शून्य.

बारकोडचे १८,५०० कसे गेले तेही ऐका. जीटीआयएन, म्हणजे बारकोडखालचा नंबर, ही वस्तूची ओळख, लॉटची नव्हे. १०० आणि २०० ग्रॅमला वेगळा नंबर लागतो, पण लॉट बदलला म्हणून नंबर बदलत नाही. सुरुवातीला ८९० असलं की माल भारतातला, हाही गैरसमज. ८९० म्हणजे नंबर जीएस वन इंडिया या बारकोड नंबर देणाऱ्या संस्थेकडून घेतलाय, एवढंच. आम्हाला दिलेले नंबर 'व्हेरिफाइड बाय जीएस वन' वर टाकले तर परराज्यातल्या एका अगरबत्तीवाल्याचं नाव आलं. ही तपासणी फुकट आहे. नंबर नेहमी स्वतःच्या फर्मच्या नावाने थेट घ्या, मधल्या कोणाकडून नाही.

क्यूआरमधली लिंक त्याच्या डोमेनवर जात होती. ऑगस्टमध्ये त्याचा फोन बंद झाला, मग डोमेन गेलं, आणि आता ते पान उघडलं की रमीची जाहिरात येते. उरलेल्या सतरा लॉटची ४२,५०० पाकिटं बाजारात गेली आहेत, आमचं नाव आणि आमचा लायसन्स नंबर घेऊन. छापलेला क्यूआर बदलता येत नाही. लिंकचं डोमेन तुमच्या मालकीचं, तुमच्या ईमेलवर, तुमच्या कार्डावरून भरलेलं असू द्या. बाकी काही नाही केलंत तरी हे करा.

तक्रारीची गोष्ट तर विचारू नका. ठाण्यात पहिलं वाक्य, "हे दिवाणी आहे, वकील गाठा." बिल आहे, पैसे दिले, लेबलं मिळाली, मग फसवणूक कुठली? आठ कोडांचं गणित रोल उलगडून दाखवलं. साहेबांनी मोबाइलवर एक लेबल स्कॅन केलं, रमी उघडली, ते म्हणाले, "चालतंय की." १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला तर पैसे गेले त्याच दिवशी का नाही केला, म्हणून आम्हालाच विचारणा. अहो, फसलोय हे चार महिन्यांनी कळलं! ग्राहक आयोगाकडे जायला निघालो तर व्यापारी कारणासाठीची खरेदी कायद्यातच वगळलेली. जीएसटीचं तर हसावं की रडावं. त्याने रिटर्नच भरला नाही, त्यामुळे आमच्या २बी मध्ये (जीएसटी पोर्टलवरच्या खरेदीच्या क्रेडिटच्या पत्रकात) बिल नाही, क्रेडिट नाही, ६३,९९० बुडाले. त्याचा नोंदणी क्रमांक पोर्टलवर टाकला तर नोंदणी रद्द, तीही आमचं बिल फाडायच्या आधीपासून. कार्यालयात सांगितलं तर उत्तर, "पुरवठादार आमच्या हद्दीत नाही, तुम्ही चुकून क्रेडिट घेतलं नाहीत ना तेवढं बघा." चोर दुसऱ्याच्या हद्दीत, आणि तपासणी आमची! अन्नसुरक्षेच्या कार्यालयाने मात्र आमचं पत्र लगेच वाचलं, आणि लेबलवर लॉट का नाही म्हणून खुलासा मागवला. तो मागायचा त्यांना हक्क आहे, पण इतकी तत्परता बाकीच्यांना का सुचली नाही?

म्हणून हे लक्षात ठेवा. पोर्टलवर पुरवठादाराची नोंदणी चालू आहे का, हे आगाऊ देण्याआधी बघा, दोन मिनिटांचं काम. तक्रार तोंडी करू नका. लेखी द्या, भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ (४) लिहा, पोच घ्या. ठाण्याने नोंदवली नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ (४) खाली अधीक्षकांना पोस्टाने पाठवा, पुढे १७५ (३) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. आमचा अर्ज सध्या त्या वाटेवर आहे. डॅशबोर्डचे स्क्रीनशॉट साइट बंद पडायच्या आधी काढा. कोर्टात अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्याला साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. आम्ही गुवाहाटीवाल्या स्कॅनचा स्क्रीनशॉट काढलाच नव्हता.

रोल घेताना चार लेबलं स्कॅन करून खूश होऊ नका. सलग वीस सोला, शिवाय रोलच्या आतल्या टोकाची वीस. लिंका उघडू नका, नुसत्या एक्सेलमध्ये एकाखाली एक चिकटवा आणि दुबार शोधा. दर १० पैशांत सांगितला काय किंवा दीड रुपयात, आधी विचारा, छपाई कशावर? फ्लेक्सो म्हणाला की उठा.

तेराव्या रोलची साधारण ३,१०० लेबलं उरली आहेत. पंचनाम्याला कोणी आलं तर द्यायला ती पिशवीत सील करून कपाटात ठेवायची होती. त्याआधी मावशींनी तो रोल मागून घेतला, हातभर उलगडला आणि दर आठव्या लेबलावरच्या ४४१७ ला लाल पेनाने गोल केला. पंचनाम्याला अजून कोणी आलेलं नाही.