नियमावली की कर्मचाऱ्याला मुभा?

ग्राहकाशी कसं वागायचं, हे ठरवण्याचे दोन मार्ग. एक, सगळं नियमात बांधून टाकायचं. दुसरा, समोर उभ्या असलेल्या कर्मचाऱ्यालाच निर्णयाची मुभा द्यायची.

नियमांचा फायदा उघड आहे: सगळ्यांना सारखी वागणूक, नवा माणूस लवकर तयार, हिशेब चोख. पण बिल हरवलेला ग्राहक बंद पडलेली इस्त्री घेऊन येतो, खोक्यावर दुकानाचंच लेबल असतं, तरी काउंटरवरून उत्तर येतं, 'बिलाशिवाय बदलून मिळत नाही.' नियम पाळला गेला, गिऱ्हाईक मात्र गेलं.

मुभा देणाऱ्यांत रिट्झ-कार्लटन हॉटेलांचं नाव हमखास निघतं. तिथला कर्मचारी पाहुण्याची तक्रार मिटवायला वरिष्ठांना न विचारता २००० डॉलरपर्यंत खर्च करू शकतो. रकमेपेक्षा मला मोलाचं वाटतं ते 'साहेबांना विचारून सांगतो' हे वाक्यच गळून पडणं. अर्थात माणसं पारखून घ्यावी लागतात, शिकवावी लागतात आणि एखादा निर्णय चुकला म्हणून त्यांना फैलावर घेऊन चालत नाही. इथेच बरेच मालक कच खातात.

माझा कौल मुभेला, पण सरसकट नाही. जिवाशी गाठ असते तिथे लिखित तत्त्वच हवं. १९८२ मध्ये अमेरिकेत टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कुणीतरी सायनाइड मिसळलं, ७ जण दगावले. हे औषध बनवणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सनने सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या. पहिली जबाबदारी औषध वापरणाऱ्यांप्रती, हे कंपनीने १९४३ मध्येच लिहून ठेवलं होतं. असा निर्णय काउंटरवरच्या पोरावर सोडता येत नाही.