१७९२ सालचे म्हणून विकलेले गिलरेचे व्यंगचित्र

अठराव्या शतकातील इंग्रज व्यंगचित्रकार जेम्स गिलरे याची, तांब्याच्या प्लेटांवरून छापलेली मूळ व्यंगचित्रे विकत घेऊ पाहणाऱ्यांनी चित्राच्या पुढच्या बाजूपेक्षा पाठीमागची बाजू अधिक बारकाईने पाहावी, एवढ्यासाठी हा अनुभव लिहीत आहे.

लंडनमधील एका विक्रेत्याकडून मी त्याचे ‘अ व्होलप्च्युअरी अंडर द हॉरर्स ऑफ डायजेशन’ (पचनाच्या यातना भोगणारा चैनी माणूस) हे चित्र फ्रेमसकट घेतले. भरपेट जेवून खुर्चीत रेललेला प्रिन्स ऑफ वेल्स काट्याने दात कोरतो आहे, वेस्टकोट पोटावर ताणला गेला आहे आणि मागे मूत्रपात्राखाली न फेडलेली बिले दाबून ठेवलेली आहेत. खाली २ जुलै १७९२ ही तारीख आणि प्रकाशक हॅना हम्फ्री यांचे नाव. ‘छाप (म्हणजे प्लेटवरून कागदावर काढलेली प्रत) आणि रंग दोन्ही त्याच काळातले’ असे विक्रेत्याने पावतीवर लिहून दिले होते आणि किंमतही त्याच हिशेबाने लावली होती.

पुढे काच बदलण्यासाठी फ्रेम उघडली, तेव्हा कागद जाड पुठ्ठ्यावर सबंध चिकटवलेला आढळला. कारागिराने ओलावा देऊन तो हलक्या हाताने सोडवला आणि पाठीवर गिलरेचेच दुसरे चित्र छापलेले निघाले. तेवढ्यावर सगळा उलगडा झाला. हम्फ्रीबाईंच्या दुकानातले छाप एकाच बाजूला असत. त्यांच्या पश्चात त्या तांब्याच्या प्लेटा हेन्री बोन या प्रकाशकाकडे गेल्या आणि १८५१च्या सुमारास त्याने त्यांवरून जाड कागदाच्या दोन्ही बाजूंना, रंगाविना, पुन्हा छाप काढले व वरच्या उजव्या कोपऱ्यात क्रमांक घातले. माझ्या चित्राचा वरचा समास नेमका क्रमांकाच्या जागी कापलेला होता आणि रंग कोणीतरी मागाहून भरले होते. समास कापणे, पाठ झाकणे आणि रंग चढवणे या तिन्ही गोष्टी एकाच चित्रावर योगायोगाने घडत नाहीत.

चित्रावरची तारीख मात्र खरीच होती. प्रकाशनाची तारीख आणि मालकाचे नाव प्लेटवर कोरण्याची अट चित्रकार विल्यम होगार्थच्या खटपटीने झालेल्या १७३५च्या कायद्यापासून होती, त्यामुळे ती प्लेट कधीही छापली तरी तेच साल उमटते. विक्रेत्याने नेमका याच तारखेचा आधार घेतला, ‘चित्रावर १७९२ लिहिलेले आहे’ असे उत्तर दिले आणि पैसे परत करण्यास नकार दिला.

बोनचे छाप मुळीच टाकाऊ नाहीत. बोनचे म्हणूनच विकले जातात तेव्हा ते पुष्कळ स्वस्त मिळतात आणि अभ्यासाला उत्तम असतात. म्हणून पैसे देण्यापूर्वी फ्रेमबाहेर काढलेल्या कागदाचे, पाठीचे, चारही समासांचे आणि उजेडासमोर धरून दिसणाऱ्या वॉटरमार्कचे (कागद बनवतानाच त्यात उमटवलेल्या खुणेचे) फोटो मागावेत, आणि पावतीवर प्लेटच्या तारखेखेरीज छाप केव्हा काढला तेही लिहून घ्यावे.